बोरन्हाणाचे फोटो घरीच काढताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं घरातली भाचरं आणि बिल्डिंगमधली पोरं धरून बरीच बोरन्हाणं शूट केलीयेत मी, आणि पहिल्या वर्षीचे फोटो आता बघवत नाहीत. काळं झबलं राखाडी दिसतंय आणि हलव्याचे दागिने म्हणजे नुसते पांढरे ठिपके, काटा कुठे दिसतच नाही. एवढे दिवस खपून कुणीतरी हलव्याला काटा आणलेला असतो हो!

झालं काय, की फ्रेममध्ये काळं जास्त आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि पांढरं फाटतं, म्हणजे त्यातले बारकावे पार पुसले जातात. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते सेटिंग) -०.७ ते -१ करा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की ते सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, हलव्याचे काटे दिसायला लागले की थांबा. चेहरा जरा काळपट वाटला तर नंतर उजळता येतो, फाटलेलं पांढरं मात्र परत येत नाही.

दुसरी चूक वेळेची. बोरन्हाण हळदीकुंकवासोबत म्हणजे संध्याकाळी सहा-सातला, आणि मुंबई-पुण्यात संक्रांतीच्या सुमारास सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. मग ट्यूबलाइट, पिवळा बल्ब, देव्हाऱ्यातली लाल माळ, सगळं एकदम पोराच्या गालावर. त्यापेक्षा पोर्ट्रेट चार वाजताच उरकून घ्या, झोप झालेली आणि पोट भरलेलं असताना, कार्यक्रम संध्याकाळी होऊ दे. घरातले दिवे बंद, पाट खिडकीच्या बाजूला, म्हणजे उजेड एका अंगाने येतो आणि काटाही उठून दिसतो. फक्त जानेवारीत ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, दक्षिणेची खिडकी असेल तर पांढरा पडदा नाहीतर जुनं धोतर लावाच.

मागे काळं कापड नको, झबलं त्यात गायबच होतं, आजीची पिवळी किंवा मोतिया रंगाची सुती साडी बेस्ट. आणि तुम्ही खाली बसा, जमिनीवर, उभं राहून काढलं की नुसता मुकुट आणि टाळू येते.

दागिने अगदी शेवटी घाला, हे आधी सगळ्यांना बजावून ठेवा, कारण आज्या ऐकत नाहीत. फ्रेम, फोकस, उजेड सगळं एखाद्या बाहुलीवर नाहीतर मोठ्या भावंडावर बघून घ्या आणि मगच मुकुट-हार. दहा मिनिटं मिळतात फार तर, मानेला टोचायला लागतं, घामाने चिकट होतं, आणि बाजूबंद तर खायलाच आहे असं पोरांचं ठाम मत असतं. शूट झालं की दागिने लगेच डब्यात, मुंग्या वाटच बघत असतात.

बोरं ओततानाचा फोटो हलतो अशी तक्रार सगळ्यांचीच. शटर स्पीड १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, मोबाईलवर बर्स्ट (म्हणजे भराभर सलग फोटो), आणि पोर्ट्रेट मोड बंद, कारण हवेतले चुरमुरे तो अर्धे पुसून टाकतो. ओतणाऱ्या काकूंना सांगा की हळू, बाजूने, डोक्यावर थेट नको. चुरमुरे जास्त, बोरं नावाला दोन-चार. एक बोर नाकावर बसलं की शूट संपलं. लहान पोरांच्या घशात शेंगदाणा, हलवा, बोराची बी अडकू शकते, त्यामुळे तोंडात काय जातंय ते बघायला एक माणूस वेगळा ठेवा, तुमचं लक्ष स्क्रीनवर असतं.

आणि रडलंच तर? हसवायला खुळखुळे, टाळ्या, सहा जणांचं एकदम "इकडे बघ इकडे बघ" नको, पोर बावचळतं. दागिने काढा, कॅमेरा मात्र खाली ठेवू नका. बाकीची पोरं बोरं लुटायला तुटून पडतात ना, तेव्हा आपलं रडकंही गप्प होऊन मुठीत ऊसाचा करवा घट्ट धरून बघत बसतं, आमच्याकडे फ्रेम करून लावलेला फोटो तोच आहे.