गावात घर आहे, पण यादीत नाव कुठे आहे?

मी ग्रामपंचायतीत एक टर्म सदस्य होतो. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या पोरांचे फोन सुरू होतात. "काका, यंदा उभं राहायचं म्हणतोय. गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. चालेल ना?"

सातबारा बाजूला ठेवा. वय 21 पूर्ण हवं आणि गावाच्या मतदार यादीत नाव हवं. अमुक वर्षं गावात राहिल्याचा दाखला कुणी मागत नाही. वॉर्डाचंही बंधन नाही. नाव एक नंबरात असलं तरी तीन नंबरातून लढता येतं.

खरी मेख यादीतच आहे. तिथे नाव लागतं ते सर्वसाधारण रहिवासी म्हणून, आणि नुसतं मालकीचं घर आहे म्हणून कुणी रहिवासी ठरत नाही, असं 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. कामासाठी तात्पुरते बाहेर असाल तर गोष्ट वेगळी. पण दहा वर्षं डोंबिवलीत संसार, पोरांची शाळाही तिथेच, याला तात्पुरतं कोण म्हणणार?

दोन्हीकडे नाव ठेवून पाहू, हा उद्योग करू नका. कायद्याला ते चालत नाही, आणि नोंदणीच्या अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खरंच गावी परतला असाल तर नमुना 8 भरून नाव हलवून घ्या. नमुना 6 नव्या मतदारांसाठी असतो. आणि हे वेळेत करा. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी ठरावीक तारखेची घेतो आणि ती वॉर्डनिहाय फोडतो. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकलेला वॉर्ड दुरुस्त होतो, पण मूळ यादीतच नसलेलं नाव घालता येत नाही. निवडणूक कार्यक्रम लागल्यावर धावत येणाऱ्याला मी चहा पाजतो आणि पुढच्या वेळेची तयारी करायला सांगतो.

छाननीच्या दिवशी तहसीलला गर्दी असते. अधिकारी यादीवर पट्टी ठेवून भाग क्रमांक, अनुक्रमांक मोठ्याने वाचतात आणि समोरच्या पार्टीचा माणूस मान वाकवून तेच आकडे जुळवत असतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आधीच मिटवा. घरात शौचालय आहे आणि त्याचा वापर होतो, हा दाखलाही लागतो.

आता कुणी न विचारलेली गोष्ट. निवडून आल्यावरही गावात राहावं लागतं! महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 40 वाचा. रजा न घेता सलग चार महिन्यांपेक्षा जास्त काळ गावाबाहेर राहिलात, किंवा सलग सहा महिने सभांना आला नाहीत, तर सदस्यपद जातं. शनिवार-रविवार येणाऱ्याची गैरहजेरी सलग धरणं अवघड, हे खरं. पण मासिक सभा आठवड्याच्या मधल्या वारी लागली की त्याची पंचाईत होते, आणि बुधवारी नळाला पाणी आलं नाही तर बायका त्याच्या बंद दाराकडे बोट दाखवतात. माझ्या मते अशाने उभंच राहू नये.

रजेची मुदत सहा महिन्यांपलीकडे जात नाही आणि ती पंचायतीनेच मंजूर करायची असते. अर्ज लेखी द्या, पोचेवर आवक क्रमांक घ्या, आणि मंजुरीचा ठराव कार्यवृत्तात आला का ते स्वतः पाहून मगच गाडीत बसा. बहुमत विरोधकांचं असेल तर गाडीत न बसलेलंच बरं.