घाटात जीव घाबरतो? ट्रकवाल्यांनो, या चुका टाळा

बावीस वर्षं झाली स्टेअरिंग धरून, त्यातली निम्म्याहून जास्त नाशिक–इंदूर लाइनवर. टायर ठोकून कसा बघायचा, ताडपत्री कशी आवळायची, हे नवी पोरं दिवसाढवळ्या विचारतात. छातीत धडधडतं, हात गार पडतात, घाट आला की गाडी पुढे घालावीशी वाटत नाही, हे मात्र ढाब्याच्या खाटेवर, बाकीचे घोरायला लागले की हळूच सांगतात. आणि सांगणारा प्रत्येक जण त्याच त्या चुका करून बसलेला असतो. मीही केल्यात, म्हणून लगेच ओळखू येतात.

घाबरलं की चहा

ही चूक मी स्वतः निगुतीनं पोसलेली. इंदूरहून सोयापेंड भरून निघालो होतो, दहा टायरची गाडी, १८ टन माल. आदल्या रात्री लोडिंगच्या रांगेत डोळ्याला डोळा नाही. मानपूरच्या पुढचा घाट उतरताना कुणाच्या तरी ब्रेक लायनरचा जळका वास केबिनमध्ये शिरला, तो नाकातून जाईना. खलघाटला चहा. जुलवानियाला चहा. सेंधव्याला चहा आणि वर तंबाखूची चिमूट. मग बिजासन घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर छाती आवळली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, श्वास पुरेना. म्हटलं, संपलं, अटॅक आला. क्लीनर गावचाच पोरगा, "मामा, बाजूला घ्या, बाजूला घ्या" म्हणून ओरडायला लागला.

बाजूला म्हणजे कुठे? घाटाच्या वळणावर, अंधारात, भरलेली गाडी उभी केली की मागचा थेट आत घुसतो. गिअर खालचा होता, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनच्या जोरावर गाडी रोखणारा) चालू होता, म्हणून वाचलो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे जे शहाणे असतात त्यांच्यातला असतो तर आज हे लिहायला नसतो. पोराला म्हटलं, ओरडू नको, रस्त्याकडेच्या पाट्या मोठ्यानं वाच. तो वाचत राहिला, मी उतरत राहिलो. खाली रुंद जागा मिळाली, चारी इंडिकेटर लावून थांबलो, तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजला होता.

पहाटे शिरपूरला एका दवाखान्यात ईसीजी काढला. साफ. डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळपासून चहा किती झाले? मी म्हटलं, चार-पाच. मागून पोरगा म्हणाला, "अकरा."

तेव्हा कळलं ते असं. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण पाच तास लागतात. तंबाखूनं ठोके आणखी वाढतात. त्यात झोप नाही. छाती आधीच धडधडत असते, आपण घाबरून भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं मुंग्या येतात. मुंग्या आल्या की आणखी घाबरतो. हा घाबरण्याचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. जीव जात नाही. पण पहिल्यांदा छातीत आवळलं तर "मनाचंच आहे" असं स्वतःच ठरवू नका. आपल्यात शुगर-बीपीवाले कमी नाहीत. सुरक्षित जागी थांबा, १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. तो साफ निघाला की मग मनाचं बोलू.

माझा नियम: रात्री आठनंतर चहा बंद. तोंडाला चाळा हवा म्हणून शेंगदाणे आणि गूळ. झोप आली तर चहा नाही, झोपच. पेट्रोल पंपावर गाडी लावायची आणि आडवं व्हायचं.

श्वासाचा व्यायाम फक्त झटका आल्यावर करणं

एक पोरगा म्हणाला, मामा, मोबाइलवर बघून केलं, काही फरक नाही. किती दिवस केलं? तर एकदा, घाटात, घाबरल्यावर. अरे, ताडपत्री पाऊस आल्यावर शिवायला घेतो का आपण? चार मोजत नाकानं आत, सहा मोजत हळू बाहेर. लोडिंगच्या रांगेत, टोलच्या लाइनीत, रोज, काही झालेलं नसताना. श्वास कोंडून धरायचे प्रकार गाडी चालवताना अजिबात नकोत.

बाकीच्या, थोडक्यात

दुसऱ्याच्या सांगण्यावरून झोपेची किंवा "टेन्शनची" अर्धी गोळी घेणं. भरल्या गाडीवर डुलकी लागते. डॉक्टरनं दिलेली असली तरी आपण ट्रक चालवतो हे त्याला आधी सांगा, आणि मनानं एकदम बंदही करू नका.

उत्तरेकडच्या लाइनवर डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा) खाणं. यावर मी काही बोलणार नाही, तोंड खराब होतं.

झोपायच्या आधी ग्रुपवरचे अपघाताचे व्हिडिओ बघणं. रात्रभर तीच गाडी उलटत राहते.

बायकोशी पैशांचं भांडण गाडी चालवता चालवता फोनवर करणं.

शेठला तासाचा शब्द देणं

"सकाळी सहाला खाली करतो शेठ." हे वाक्य तोंडातून गेलं की सहा वाजेपर्यंत छातीवर दगड. मग दर अर्ध्या तासाला फोन, कुठे पोचला, कुठे पोचला. मी वेळ कधीच एक देत नाही. सहा ते दहाच्या मध्ये, असं सांगतो. थांबलो की मीच फोन करतो, चालू गाडीत उचलत नाही. पहिला महिना शेठ ओरडला, आता सवय झाली. ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद) संपेल म्हणून पळवणारेही पुष्कळ. त्याची मुदत मुळात दर २०० किलोमीटरला एक दिवस असते, आणि गाडी अडकली तर संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत वाढवून घेता येते. ट्रान्सपोर्टवाल्याला वेळेत फोन करा, ते काम त्याचं. आणि १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा (२०२५ पर्यंत लागू होता) दिवसाला आठ तास काम म्हणायचा. तो कोण पाळायचा हे मला विचारू नका, पण नऊ तास झाले म्हणून पेंग येते तेव्हा आपण आळशी नाही एवढं तरी लक्षात ठेवा.

ज्या घाटात झालं तो घाटच सोडणं

चहापेक्षाही ही महाग पडली. बिजासनानंतर मी इंदूरचं भाडं घेईना. शेठला सांगितलं, पाठ दुखते. सुरतेचं घेतलं तर सापुताऱ्याचा घाट; सोडलं. मुंबई नको, कारण कसारा. सहा महिन्यांत वेळ अशी आली की पिंपळगाव ते मालेगाव एवढीच माझी दुनिया, आणि त्यातही राहुड घाट आला की तळहात भिजायचे. फेऱ्या कमी, भत्ता कमी, घरी रोज कटकट. भीती सोडून दिल्यानं बरी होत नाही, ती पुढच्या घाटावर जाऊन बसते.

तेव्हा १४४१६ ला फोन केला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी एकच गोष्ट सांगितली: पायरी पायरीनं परत जा, आणि भीती पूर्ण चढून उतरेपर्यंत मध्येच पळू नका. पोरांना एवढा दम नसतो. भीती मोडायची म्हणून डायरेक्ट भरलेली गाडी घेऊन रात्री निघतात आणि जास्तच घाबरून परत येतात.

मी आधी मित्राच्या गाडीत, दिवसा, क्लीनरच्या सीटवर बसून बिजासन उतरलो. दोनदा. मग स्वतः, रिकामी गाडी, दिवसा. मग भरलेली, दिवसा. दोन महिने लागले. शेवटी रात्री, मक्याची गाडी, तोच पोरगा शेजारी. न सांगताच तो पाट्या वाचायला लागला. दुसऱ्या वळणावर छाती आवळलीच. मी गिअर बदलला नाही, काही नाही, मोजत राहिलो. पळासनेरला उतरून टायर ठोकले आणि अर्धा कप चहा घेतला. हो, रात्रीच. पोरानं वहीत एक लिहिला.