नादारीचा अर्ज करताय? गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायला आलेला माणूस आधी घराचं विचारत नाही. घर बहुतेकदा भाड्याचं असतं, नाहीतर वडिलांच्या नावावर. तो विचारतो, "साहेब, गाडी तर राहीन ना?" आणि हे विचारायला येईपर्यंत त्यानं गाडीचा निम्मा घोळ करून ठेवलेला असतो.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून येणं थांबवा. तिकडच्या दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर 7 मध्ये फायनान्सवाल्याशी नव्यानं करार करून हप्ते चालू ठेवता येतात, चॅप्टर 13 मध्ये थकबाकी तीन ते पाच वर्षांच्या योजनेत बसवता येते, हे सगळं तिकडचं. नागपुरात तुम्हाला लागतो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. तो इतका जुना आहे की 500 रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेत व्यवसायाला लागणारं बिनबोज्याचं, म्हणजे कर्ज नसलेलं, वाहन वगळलेलं आहे, हे खरं. पण त्या संहितेतला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुमचं क्रेडिट कार्ड थकलंय आणि भिशीवाले दारात उभे आहेत, तर ती सवलत तुमच्यासाठी नाही. जुन्या कायद्यात जप्तीतून सुटतं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मधलं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं. मोटारगाडी त्या यादीत नाही.

आता वकील म्हणून माझ्या डोक्यात जाणारी चूक: अर्जाच्या आधी गाडी नातेवाइकाच्या नावावर करणं.

इतवारीतले एक कापड व्यापारी माझ्याकडे आले ते हसत हसतच. "एर्टिगा साळ्याच्या नावावर करून टाकली, आता कोण काय करते?" कर्ज फिटलेलं, आरसीवरचा बोजा उतरलेला, म्हणजे गाडी निखळ त्यांची होती. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून, पन्नास हजार रोख मिळाल्याचं दाखवून मोकळे. पन्नास हजारांत एर्टिगा! मी म्हटलं, हा व्यवहार अर्जात लिहावा लागेल. ते म्हणाले, कशाला लिहायचं? ती फाइल मी घेतली नाही. दुसरीकडून अर्ज झाला.

पुढचं कोर्टात कळलंच. एका धनकोनं, म्हणजे ज्याचे पैसे थकले होते त्यानं, आरटीओतून गाडीचा तपशील काढला. त्यासोबत त्यानं जोडला एक फोटो: दसऱ्याला दुकानासमोर गाडीची पूजा, बोनेटवर झेंडूचा हार आणि शेजारी आमचे शेटजी. त्यांनी स्वतःच स्टेटसला टाकलेला. कागदावर गाडी त्याच्या महिनाभर आधी विकलेली. साळ्याला विचारलं, पन्नास हजार कुठून आणले? त्याला धड सांगता येईना.

नादारी कायद्याचं कलम 53 सरळ आहे. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं हस्तांतरण खऱ्या मोबदल्यात आणि सद्भावनेनं झालेलं नसेल तर न्यायालय ते रद्द करू शकतं. इथं तेच झालं. गाडी रिसीव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या न्यायालयाच्या माणसाकडे, गेली. साळ्यानं तोवर चार नवे टायर आणि सीएनजी किट बसवलं होतं, त्याचे पैसे बुडाले. दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर कलम 69 खाली वर्षभराची कैदही होऊ शकते, ते वेगळंच.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्या गाड्यांच्या आरसी टेबलावर ठेवायला लावतो, मुलाची ॲक्टिव्हासुद्धा. घरच्या कुणाला गाडी खरंच हवी असेल तर अर्जात ती जशी आहे तशी दाखवायची, दोन सेकंड-हँड डीलरकडून लेखी भाव घ्यायचा आणि त्या नातेवाइकानं रिसीव्हरपुढे त्या भावाचा प्रस्ताव ठेवायचा. पैसे बँकेतून. याला वेळ लागतो. ज्यांना आठवड्यात मोकळं व्हायचंय त्यांनी दुसरा वकील बघावा.

दुसरी चूक कर्जावरच्या गाडीची. अर्ज टाकला की हप्ते बंद केले तरी चालतात, असं कुणीतरी पानठेल्यावर सांगतं. नाही चालत. नादारीच्या आदेशानंतर तारण नसलेल्या साध्या धनकोंना वसुलीसाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, पण ज्याच्याकडे गाडी तारण आहे त्याचा हक्क कलम 28 नं शाबूत ठेवलाय. त्यानं गाडी उचलून लिलावात विकली आणि रक्कम कमी पडली, तर उरलेल्या पैशांसाठी तो इतर धनकोंच्या रांगेत उभा राहतो. म्हणून गाडीवर पोट असेल तर अर्जाच्या आधी फायनान्सवाल्याशी लेखी बोला, लोकअदालतीत तडजोड जमते का बघा. हप्त्याइतकी कमाईच नसेल तर तिचा मोह सोडा.

एका पठ्ठ्यानं वसुलीवाल्यांच्या भीतीनं गाडी काटोलकडे संत्र्याच्या बागेत ताडपत्रीखाली लपवली. पावसाळाभर. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, सीटमध्ये पिल्लं घातली. आणि वस्तू कुठे ठेवली आहे हे अर्जात लिहावंच लागतं, तेव्हा शेवटी त्याला बागेचा पत्ता द्यावाच लागला.

बाकीच्या चुका थोडक्यात. एजंटला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. बोजा असलेली गाडी फायनान्सवाल्याच्या एनओसीशिवाय विकू नका, फसवणुकीची तक्रार होते. हप्त्यासाठी दिलेला चेक परतला तर चेक कायद्याच्या कलम 138 चा खटला वेगळा चालतो, नादारीनं तो मिटत नाही. जामीनदाराला अंधारात ठेवू नका. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच. नादारीतून मुक्ततेचा आदेश मिळण्याआधी नवी गाडी घ्याल तर तीही रिसीव्हरकडे जाते. आणि वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील तर घाबरून किल्ली देऊ नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा.

गाडी द्यायचीच वेळ आली तर डिकी आणि डॅशबोर्ड रिकामा करा, मुलांची शाळेची कागदपत्रं तिथेच निघतात. चारी बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, स्टेपनी-जॅकसकट यादी करून नेणाऱ्याची सही घ्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर यार्डापर्यंतचा टोल तुमच्याच खात्यातून कटतो.