लंडनच्या विमान टॅक्सनं पाहुणे घटले का? हिशोब असा लावा

ताडोबाच्या गेटावर चहा पिता पिता कोणीतरी म्हणतेच, इंग्लंडनं विमानाचा टॅक्स वाढवला ना भाऊ, म्हणून गोरे पाहुणे कमी झाले. असन बी. पण त्यापायी खोलीचा रेट पाडायच्या आधी हिशोब करून पाहा. ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, पाहुण्यांसाठी माझ्या तीन खोल्या आहेत, मीच आधी चुकलो म्हणून सांगून राह्यलो.

पहिले रजिस्टर काढा. माझ्या रजिस्टरात नुसतं 'फॉरेनर' लिहून होतं, त्याचा काय उपयोग. मग आठवलं, परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत सी-फॉर्म भरतोच आपण, त्यात नागरिकत्व असते अन् कुठून आला तेही असते. त्यावरून देशवार, महिनावार आकडे काढा, जुलै ते सप्टेंबर सोडून द्या, तेव्हा कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंदच असते. दोन्ही रकाने वेगळे ठेवा बरं, कारण हा टॅक्स पासपोर्ट पाहून लागत नाही, विमान जिथून उडते तिथं लागते. इंग्रज माणूस दुबईत नोकरीले असन अन् तिथूनच आला असन तर त्याले लंडनचा टॅक्स लागलाच नाही.

आता टॅक्सचा रेट. एअर पॅसेंजर ड्यूटी म्हणतात याले. 1994 मध्ये सुरू झाला तेव्हा 5 नाहीतर 10 पौंड होता. आता अंतराचे पट्टे आहेत, भारत मधल्या पट्ट्यात, इकॉनॉमीले 90 पौंड होते ते एप्रिल 2026 पासून 102. इकॉनॉमीत 16 वर्षांखालच्या पोरांले माफ. पाहुण्याशी जमलं असन तर तिकीट पाहून घ्या, टॅक्सच्या यादीत 'जीबी'समोरचा आकडा तो हाच. खालचा 'यूबी' विमानतळाचा चार्ज आहे, तो यात मिळवू नका, मी मिळवला होता.

नवराबायको अन् दोन लहान पोरं आली तर 204 पौंड, पौंड 115 रुपयांनं धरला तर साडेतेवीस हजार. लय वाटते बाप्पा! पण पाहायची ती वाढ, दोघांचे 24 पौंड, म्हणजे पावणेतीन हजार. तेवढ्यात जिप्सीची एक फेरी धड होत नाही. चार विमान तिकिटं काढणारा माणूस तेवढ्यासाठी वाघ सोडन का?

टॅक्सनं माणूस हलते, पण बाजूले दुसरा रस्ता असला तर. नेदरलँडनं जुलै 2008 मध्ये लांबच्या विमानाले 45 युरो लावले, लोकं गाडी काढून जर्मनीच्या विमानतळावर जाऊ लागले, वर्षभरात टॅक्स गुंडाळला. चंद्रपुरात दारूबंदी होती तेव्हा लोकं वणीकडे पळायचे ना, तसंच. अन् जपाननं जानेवारी 2019 पासून देशाबाहेर जाणाऱ्याकडून 1000 येन घेणं सुरू केलं, तरी पाहुणे 3.12 कोटींवरून 3.19 कोटी झाले. कोरियाचे मात्र घटले, ते दोन देशांच्या भांडणानं.

म्हणून फक्त लंडनहून येणारे घटले अन् बाकीचे टिकून असले तरच टॅक्सवर संशय घ्या, तोही पौंडाचा भाव पाहून. माझ्याकडे सगळेच घटले होते. मग दोन जुन्या पाहुण्यांले मेल टाकून सरळ विचारलं. एकानं लिहिलं, टॅक्सचं तर लक्षातही आलं नाही, पण डिसेंबरात सकाळच्या सफारीआधी तुमच्याकडे गरम पाणी नव्हतं.