शैक्षणिक कर्ज घेताना या चुका टाळा

कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीची) अलॉटमेंट हातात पडते आणि फी भरायला मोजके दिवस उरलेले असतात. घरात आनंद असतो आणि पोटात गोळाही. मग कोणीतरी सांगतं, ‘अहो, सरकारी लोन मिळतं की! विद्यालक्ष्मी पोर्टलवर फॉर्म भरा.’ दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी ओळखीच्या मुलांचे हे फॉर्म भरून देतो, आणि बहुतेक गोंधळ या ‘सरकारी लोन’ शब्दातूनच सुरू झालेला दिसतो.

कर्ज सरकार देत नाही. बँक देते, स्वतःच्या व्याजदराने. सरकार दोनच गोष्टी करतं. ठरावीक रकमेपर्यंत बँकेला हमी देतं, आणि पात्र विद्यार्थ्याच्या व्याजाचा काही किंवा पूर्ण भार उचलतं. तोही फक्त शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष, म्हणजे ज्याला बँकेत मोरेटोरियम म्हणतात तेवढ्यापुरता. मुद्दल सगळं आपल्यालाच फेडायचं असतं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

योजनेचं नाव ऐकून पात्रता गृहीत धरणं

६ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. हिच्यात तारण लागत नाही, जामीनदारही लागत नाही. पण ती प्रत्येक कॉलेजला लागू नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीवर ठरलेल्या निवडक संस्थांसाठीच ती आहे. सुरुवातीच्या यादीत देशभरातल्या ८६० संस्था होत्या आणि यादी दरवर्षी नव्याने ठरते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेला प्रवेश यात बसत नाही. परदेशातलं शिक्षणही नाही. म्हणून कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरण्याच्या आधी कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर पाहा. अलॉटमेंटनंतर पाहून उपयोग नसतो.

व्याज सवलतीचं गणित कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर ठरतं. ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न आणि मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर केंद्राच्या जुन्या व्याज अनुदान योजनेतून १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियममधलं पूर्ण व्याज सरकार भरतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर पीएम विद्यालक्ष्मीत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत मिळते. ही ३ टक्क्यांची सवलत वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे, आणि प्राधान्य सरकारी संस्था व तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना. ८ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर कर्ज मिळेल, सवलत नाही.

कॉलेज यादीत नसलं म्हणून खचून जाऊ नका. बँकांची नेहमीची शैक्षणिक कर्ज योजना आहेच. तिच्यात ७.५ लाखांपर्यंत केंद्राच्या हमी निधीमुळे तारण आणि तिऱ्हाईत जामीन मागितला जात नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, ती सही मात्र लागतेच. ‘जामीन नको म्हणता आणि बाबांची सही का मागता?’ असा वाद मी शाखेत ऐकला आहे. सहकर्जदार आणि जामीनदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सहकर्जदार मुलाबरोबर कर्ज घेतो, जामीनदार बाहेरून हमी देतो. ४ लाखांच्या वरच्या कर्जात देशातल्या शिक्षणासाठी साधारण ५ टक्के रक्कम आपल्या खिशातून घालावी लागते, तिचीही सोय आधी करून ठेवा.

दाखला शेवटच्या आठवड्यावर ठेवणं

व्याज अनुदानासाठी राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आपल्याकडे तो तहसीलदाराचा. पगाराची स्लिप किंवा इन्कम टॅक्स रिटर्न कर्ज मंजुरीला चालतं, अनुदानाला त्यावर भागत नाही. बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या प्रत्येक सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर अडतो, आणि दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी चुकली तरी परत पहिल्यापासून. निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. दहावीची मार्कशीट, आधार, पॅन आणि दाखला या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते एकदा शांतपणे बसून ताडून पाहा.

‘नोकरी लागल्यावर बघू’

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. हप्ता उशिरा सुरू होतो म्हणजे व्याजही उशिरा सुरू होतं, अशी समजूत सर्रास आढळते. तसं नसतं. बँकेने पहिल्या वर्षाची फी कॉलेजच्या खात्यात टाकली, त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवर व्याज चढायला लागतं.

समजा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी दीड लाख, असे एकूण ६ लाख उचलले. सोयीसाठी व्याज १० टक्के धरू. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात सरळ व्याज लागतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ आणि चौथ्यावर ३० हजार. एकूण २ लाख १० हजार. हप्ते सुरू होण्याच्या दिवशी मुलाच्या डोक्यावर ६ नाही, ८ लाख १० हजार असतात. १० वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये. पूर्ण अनुदान मिळालं किंवा घरच्यांनी व्याज भरत ठेवलं, तर ६ लाखांवर तोच हप्ता सुमारे ७,९०० येतो.

व्याज भरत राहणं ऐकायला जड वाटतं. पण वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला १,२५० रुपये आहे, दुसऱ्या वर्षी २,५००. पूर्ण अनुदान नसेल आणि घराला झेपत असेल, तर निदान पहिली दोन वर्षं तरी भरा. शिक्षणाच्या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सूटही देतात. ती मंजुरीपत्रात लिहिली आहे का, हे सही करण्याआधी वाचा.

मुदतीचंही असंच. कमाल मुदत १५ वर्षांची असते आणि छोटा हप्ता पाहून तीच घ्यावीशी वाटते. ८ लाख १० हजारांवर हप्ता ८,७०० पर्यंत खाली येतो खरा, पण शेवटी १० वर्षांच्या तुलनेत पावणेतीन लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. सुरुवातीला पगार बेताचा असेल तर लांब मुदत घेण्यात काही चूक नाही. पगार वाढला की जास्तीचे पैसे मुद्दलात भरत जा. बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही.

शिष्यवृत्ती आणि सवलत, दोन्ही मिळतील असं धरून चालणं

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून शिक्षण शुल्काची शिष्यवृत्ती आणि शिवाय पीएम विद्यालक्ष्मीची व्याज सवलत, असं दोन्ही घेता येत नाही. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज परतावा घेणाऱ्याला ही ३ टक्क्यांची सवलत नाही. तेव्हा कागदावर दोन्ही आकडे मांडा. फी निम्मी किंवा पूर्ण माफ होत असेल तर शिष्यवृत्तीच घ्या, आणि कर्ज फक्त उरलेल्या फीसाठी, होस्टेल आणि पुस्तकांसाठी काढा. महाराष्ट्रात २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क माफ झालं आहे. हे माहीत नसल्याने पूर्ण फीचं कर्ज काढायला निघालेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिची गरज निम्म्याहूनही कमी रकमेत भागली.

शाखेतला तोंडी नकार घेऊन घरी येणं

‘तुमचा पत्ता आमच्या हद्दीत येत नाही.’ हे उत्तर ऐकून किती पालक मुकाट्याने परत फिरतात! शैक्षणिक कर्जाचा अर्ज या कारणावरून नाकारू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०१२मध्येच बँकांना कळवलं आहे. अर्ज पोर्टलवरून ऑनलाइन करा, म्हणजे त्याला क्रमांक मिळतो आणि तारखेची नोंद राहते. नकार मिळालाच तर कारण लेखी मागा. शाखेने परस्पर नकार न देता वरच्या कार्यालयाची संमती घ्यायची असते. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत.

मंजुरीपत्र आलं म्हणजे काम संपलं असं समजणं

मंजुरी पूर्ण अभ्यासक्रमाची असली तरी पैसे वर्षावर्षाला सुटतात. दरवर्षी आधीच्या वर्षाची मार्कशीट, कॉलेजचं फी मागणीपत्र आणि जुन्या पावत्या शाखेत न्याव्या लागतात. फीची शेवटची तारीख जवळ आल्यावर धावलात तर दंड तुम्हाला पडतो, म्हणून किमान तीन आठवडे आधी जा. पहिल्या वर्षाची फी उसनवारी करून आधीच भरली असेल, तर ती रक्कम बँक परत देईल का आणि किती दिवसांच्या आत, हे लगेच विचारा.

व्याज सवलतीसाठी पोर्टलवर अर्ज करावा लागतो, कर्ज मिळालं म्हणून ती आपोआप येत नाही. वर्षातून एकदा कर्ज खात्याचा उतारा काढा आणि सवलतीची रक्कम जमा झाली का ते बघा. शिक्षण अर्धवट सोडलं तर, आजारपणाचं कारण वगळता, अनुदान थांबतं. कॉलेज किंवा अभ्यासक्रमाची शाखा बदलायची असेल तर आधी बँकेशी बोला.

शेवटी हप्त्यांचं. शिक्षण संपेपर्यंत मुलाचा मोबाइल नंबर बदललेला असतो, पत्ताही बदललेला असतो, आणि बँकेचं पत्र जुन्या घरी पडून राहतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. सिबिल स्कोअर मुलाचा खराब होतो, तसा सहकर्जदार वडिलांचाही. नोकरी लागली नसेल तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन लेखी मुदतवाढ मागा. खातं थकल्यावर गेलात तर बँकेच्या हातातले पर्याय फार कमी झालेले असतात. आणि नोकरी लागली, टॅक्स भरायची वेळ आली, तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) विसरू नका: व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून ८ वर्षांपर्यंत भरलेल्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते. मुद्दलाची नाही, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच.