या चुका टाळा: कोल्हापूरच्या बाजारात फोटो काढताना

सकाळी कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी अजून लागत असते, मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणं चालू असतं, आणि एखादा पाहुणा एक शब्द न बोलता थेट कॅमेरा रोखतो. भवानी झालेली नसते! पहिलं गिऱ्हाईक यायच्या वेळी वाट अडवून उभा राहिलेला माणूस कुणाला आवडेल? मावशी पदर तोंडावर ओढतात, शेजारचे मामा दोन शब्द सुनावतात, आणि पुढचा अर्धा तास त्या ओळीतले सगळे चेहरे ताठ.

भवानी होऊ द्या. मग कोथिंबिरीची एक जुडी घ्या, सुटे पैसे द्या आणि विचारा, "मावशी, एक फोटो काढू का?" पहिला फोटो हमखास पोझचा येतो. तो काढा, त्यांना दाखवा, आणि कडेला दहा मिनिटं थांबा. हवा असलेला फोटो पुढच्या गिऱ्हाइकाशी होणाऱ्या घासाघिशीत मिळतो. नको म्हणाल्या तर पुढे चला. लांबून झूम लावून तोच चेहरा टिपणं ही निव्वळ लबाडी.

यापेक्षा महाग पडते ती ताडपत्री. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात हौशी माणूस दोन तास फिरतो, दोनशे फोटो काढतो, आणि घरी बघतो तर टोमॅटो काळपट, माणसं आजारी. निळ्या ताडपत्रीतून लाल उजेड फारसा खाली उतरतच नाही. मग लाल रंग परत येणार कुठून? व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं हे कॅमेऱ्याला सांगणारं सेटिंग, बदलून थोडी सुधारणा होते, पण अर्धा चेहरा उन्हात आणि अर्धा निळ्यात असेल तर एका सेटिंगने दोन्ही बाजू जुळत नाहीत. नंतर फिल्टर मारू म्हणणाऱ्यांनी एकदा मारून बघावा. उपाय पायांत आहे: ताडपत्रीच्या कडेला या, जिथे मोकळ्या आभाळाचा उजेड चेहऱ्यावर पडतो. आतच काढायचा असेल तर सगळा चेहरा सावलीत घ्या, रॉ फाइल (कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेली कच्ची फाइल) ठेवा आणि त्याच जागी साध्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढा, नंतर रंग त्यावरून जुळवा. आजोबांच्या टोपीवरून पांढरा रंग ठरवू नका, तिला नीळ दिलेली असते.

शटर १/६० सेकंदावर ठेवलं तर तागडी धरलेला हात पुसट येतो. १/२५० ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० पर्यंत गेला तरी चालेल. संध्याकाळी एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे आले तर मात्र १/१०० किंवा १/५० वर या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइलची काच आधी पुसा. हे सांगावं लागतं, याचंच नवल.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतात, तिथे फ्लॅश बंद. म्हैस बिथरली तर तिची लाथ गवळ्याला चुकत नाही, तुम्हालाही नाही. शिवाय काळी म्हैस फ्रेमभर असली की कॅमेरा सगळंच उजळ करतो आणि दुधाची धार पांढरी फटक होते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग, उणे ०.७ ते उणे १ करा, धारेवर फोकस धरा, आणि म्हशीच्या मागे उभे राहू नका.