ग्वाल्हेरच्या वाड्यात ऑडी मर्फीचा 'बिली द किड' दाखवायचा तर

अमेरिकी नट ऑडी मर्फी पडद्यावर हातवारे करत नाही, आवाजही चढवत नाही. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, पोरसवदा गाल, बोलणं मऊ आणि नजर स्थिर. चित्र जरा ताणलं गेलं किंवा फिकं पडलं, की त्याच्या कामातलं निम्मं हरवतं. त्यामुळे चित्रपट मंडळाच्या खेळाची तयारी त्याच्या चेहऱ्यापासूनच सुरू करावी.

सुरुवातीला 'द किड फ्रॉम टेक्सास' (१९५०) निवडा. हा मर्फीचा पहिला वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडे-बंदुकांचा चित्रपट. त्यात तो बिली द किड या खऱ्या बंदूकबाज गुन्हेगाराच्या भूमिकेत आहे. दिग्दर्शक कुर्ट नॉयमन, टेक्निकलर या जुन्या पद्धतीचा रंगीत, लांबी ७८ मिनिटं. डिस्क अस्सल घ्या. घरगुती डिस्कवर जाहीर प्रदर्शनाची मुभा नसते, तेव्हा लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र यांची चौकशी महिनाभर आधीच करा.

चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट (१.३७:१) आहे, म्हणजे आजच्या पडद्यापेक्षा अरुंद. आजचे प्रोजेक्टर १६:९चे असल्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच, आणि ते तसेच राहू द्या. 'पडदा रिकामा दिसतो' म्हणून कुणीतरी 'वाइड' किंवा 'झूम'चं बटण दाबतं. 'वाइड'मध्ये चेहरे रुंद होतात, 'झूम'मध्ये टोप्या कापल्या जातात. पट्टे खुपत असतील तर पडद्याच्या दोन्ही कडांवर काळं सुती कापड सोडा.

अंतराचा हिशेब असा. चित्राची उंची ६ फूट धरली तर रुंदी साधारण सव्वाआठ फूट होते. प्रोजेक्टरचं अंतर मात्र त्यावरून काढायचं नाही. यंत्र पट्ट्यांसकट पूर्ण १६:९ फेकतं, म्हणजे १० फूट ८ इंच. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर यंत्र १६ फुटांवर हवं. सव्वाआठ फुटांवरून हिशेब केला तर ते सव्वाबारा फुटांवर बसतं आणि चित्राची उंची साडेचार फुटांतच अडकते. वाड्याच्या दिवाणखान्यात मध्येच खांब येतो, म्हणून फीत घेऊन आदल्या दिवशीच मापं घ्या. यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवा. कीस्टोनने, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सोयीने, ते काटकोनी होतं खरं, पण बारकावे जातात. मोड 'सिनेमा' ठेवा. 'डायनॅमिक'वर टेक्निकलरचा लाल भडकतो आणि त्वचा नारिंगी दिसते.

मराठी सबटायटल्स देणार असाल तर फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरं. फाइल कोणत्या वेगाच्या प्रतीसाठी केली आहे ते बघा. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीत हाच चित्रपट सुमारे ७५ मिनिटांत संपतो. तिच्यावर सेकंदाला २३.९७६ फ्रेमची फाइल लावली तर पहिल्या काही सेकंदांत फारसं जाणवत नाही, पण शेवटाला अक्षरं तीन मिनिटं मागे पडतात. म्हणून तपासणी शेवटच्या रिळापासून करा, आणि त्याच लॅपटॉपवर.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. 'सराउंड' बंद करा आणि दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर लावा. पातळी संवादांवर बेता. गोळीबारावर बेतली तर मर्फी ऐकूच येत नाही. फरशीवर सतरंज्या घातल्या की घुमणं बरंच कमी होतं. घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर आणा.

इथल्या मे-जूनच्या उकाड्यात यंत्र तापून बंद पडतं. खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा आणि हवेची जाळी आधी झाडून घ्या.

सुरुवातीला पाच मिनिटांची ओळख द्या, पण ती नेमकी असू द्या. दुसरं महायुद्ध, २६ जानेवारी १९४५, पूर्व फ्रान्समधलं होल्ट्सवीर. जळत्या टँक-डिस्ट्रॉयरवर (रणगाडाविरोधी तोफगाडीवर) चढून, पायाला जखम झालेली असताना, त्याने मशीनगनने जर्मन हल्ला सुमारे तासभर रोखून धरला. त्याबद्दल अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावरचा त्याचा फोटो पाहून प्रसिद्ध नट जेम्स कॅग्नीने त्याला हॉलिवूडला बोलावलं. युद्धानंतर त्याची झोप उडाली होती आणि माजी सैनिकांच्या मानसिक त्रासाबद्दल तो उघडपणे बोलला. हे आवर्जून सांगा, कारण प्रेक्षकांत फौजी घरं असतातच. चित्रपटाचा शेवट मात्र सांगू नका.

चर्चेला वीस मिनिटं राखा. आधी इतिहास आणि पटकथा वेगळी करा: १८७८ मध्ये बिलीचा मालक, पशुपालक जॉन टन्स्टल याचा खून झाला आणि न्यू मेक्सिकोच्या लिंकन काउंटीतलं भांडण पेटलं, बिली १४ जुलै १८८१ला फोर्ट समनर इथे मारला गेला. चित्रपटात काही नावं बदलली आहेत. मग चंबळचा विषय आपसूक निघेल: तिथले डाकू बागी का झाले, एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं का ठेवली. तो निघू द्या, पण बोलणाऱ्याला दोन मिनिटांची मर्यादा आधीच सांगा. माईक एकच ठेवा आणि तो कार्यकर्त्याच्या हातात असू द्या.